अर्थाची वही

अध्यापकाच्या व्यवसायात काही प्रश्न असे असतात की, ते विद्यार्थ्याने विचारले म्हणजे अध्यापकास प्रथम राग येतो, मग हसू येते आणि पुष्कळ वर्षांनी लाज वाटते. आम्हांस असा एक प्रश्न विचारला गेला त्यास आता वीस वर्षे होऊन गेली. वर्गात आम्ही वर्ड्‌स्वर्थची एक लहानशी कविता शिकवीत होतो. ओळी वाचून दाखविल्या, अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले आणि नित्याच्या शिरस्त्याप्रमाणे सबंध कवितेचा आशय सोप्या मराठीत सांगून पुस्तक मिटले. तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. मुलगा खेड्यातून आलेला, इंग्रजीस बिचकणारा आणि एरवी अबोल होता. तो म्हणाला, "सर, एवढेच सांगायचे होते, तर कवीने ते सरळ का नाही सांगितले?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "सरळ सांगितले असते, तर तुमच्या परीक्षेत ते कोणी लावले असते?" वर्ग पुन्हा हसला. मुलगा खाली बसला आणि त्यानंतर वर्षभर त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

वाचकांनी असे समजू नये की, त्या प्रश्नाचे शास्त्रोक्त उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. ते आमच्या टिपणांत होते. शब्द आणि अर्थ यांच्या सहितपणातच काव्य असते, असे भामहाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. कालिदासाला 'रघुवंशा'च्या आरंभी पार्वती-परमेश्वरांना वंदन करावयाचे होते, तेव्हा त्या दोघांच्या ऐक्याला त्याला उपमा सुचली तीही शब्द आणि अर्थ यांच्या ऐक्याची. आपल्या साहित्यशास्त्रात एक जुने उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे: 'गंगेवर गौळवाडा आहे.' आता प्रवाहावर तर वाडा वसणार नाही. तेव्हा येथे 'गंगेवर' म्हणजे 'गंगेच्या तीरावर' असा अर्थ घ्यावा लागतो. मग बोलणारा 'तीरावर' असेच का म्हणत नाही? शास्त्रकार उत्तर देतात की, 'तीर' म्हटल्याने जागा कळली असती, परंतु गंगेचा शीतलपणा आणि तिचे पावित्र्य ही त्या वाड्यापर्यंत पोचली नसती. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धान्त उभा केला, तो या न सांगता पोचणाऱ्या अर्थासाठीच. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न हजार वर्षांमागेच विचारला गेला होता आणि त्याचे उत्तरही देऊन झाले होते.

इंग्रजीकडे पाहावे, तरी तेच. 'लिरिकल बॅलड्‌स'च्या १८०० सालच्या आवृत्तीस वर्ड्‌स्वर्थने प्रस्तावना जोडली आणि कवीने सामान्य माणसांच्या खऱ्याखुऱ्या बोलीत लिहावे असा आग्रह धरला. त्याचाच मित्र कोलरिज याने १८१७ साली त्यास हरकत घेतली की, शब्द बोलीतले असले, तरी कवितेत ते ज्या क्रमाने आणि ज्या बंधनात येतात, त्यामुळे त्यांची जातच बदलते. पुढे १९४७ साली अमेरिकेतील क्लीन्थ ब्रुक्स याने तर कवितेचा सरलार्थ म्हणजेच कविता असे मानणे ही एक पाखंडी समजूत आहे, असे बजावले. हे सर्व आम्ही वाचले होते. त्यावर परीक्षेत गुण मिळविले होते आणि पुढे इतरांस गुण दिलेही होते. परंतु माहिती असणे निराळे आणि उमजणे निराळे. आम्हांस ही गोष्ट उमजली ती ग्रंथांतून नव्हे. ती आमच्या आईच्या खाटेपाशी उमजली, आणि तीही पुष्कळ उशिरा.

आमच्या आईचे माहेर सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. तिच्या लहानपणी तेथे पिठाची गिरणी आलेली नव्हती. पहाटे उठून आजी आणि चुलतआजी समोरासमोर बसून दळीत आणि आई, डोळ्यांत झोप असतानाच, जात्याच्या पाळीपाशी सांडणारे पीठ गोळा करी. तेथे तिने ओव्या शिकल्या. शिकल्या असे म्हणणेही बरोबर नाही, त्या तिच्या अंगात मुरल्या. लग्न होऊन ती पुण्यास आली, तेव्हा जाते फक्त हळदीच्या मुहूर्तापुरते उरले होते. ओव्या मात्र तिच्यापाशी राहिल्या.

इ. स. १९९५ च्या सुमारास आम्ही नुकतेच नोकरीस लागलो होतो आणि एका चर्चासत्रासाठी लोकसाहित्यावर निबंध लिहावा, अशी उमेद धरून होतो. घरातच खाण असताना बाहेर कशास जावे, म्हणून एक दोनशे पानी वही घेऊन आम्ही आईपुढे बसलो. आई म्हणाली, "जात्यावाचून नाही रे आठवत." मग तिने खाटेच्या कडेवर मूठ ठेवली, ती गोल फिरवू लागली आणि ओव्या येऊ लागल्या, एकीमागून एक, आमच्या लेखणीस दम न देता. आम्ही मध्येच तिला थांबवून विचारीत असू, "म्हणजे काय ग? याचा अर्थ काय?" ती अर्थ सांगे. आणि आम्ही, वाचकहो, तो अर्थ लिहून घेत असू. 'विषय : सासुरवास. आशय : भावाची वाट पाहणे.' 'विषय : रामायण. आशय : वनातील वृक्ष सीतेचे सांत्वन करतात. करुणरस.' अशा ६३ नोंदी आम्ही केल्या. प्रत्यक्ष शब्द लिहिणे आम्हांस तितके अगत्याचे वाटले नाही. ते ग्रामीण होते, पाठभेदांचे होते, काही अशुद्धही होते. आणि आमच्या निबंधास हवे होते ते 'स्त्रीमनाचे दर्शन'. ते तर आशयातच होते, अशी आमची समजूत होती.

उठताना आईने विचारले, "ओव्या नीट उतरवून घेतल्यास ना रे?" आम्ही म्हणालो, "घेतल्या." निबंध वाचला गेला, टाळ्याही पडल्या आणि वही कपाटात गेली.

तीन वर्षांपूर्वी आईस पक्षाघात झाला. उजवे अंग गेले आणि त्याबरोबर वाचाही गेली. तिला सर्व समजत असे. डोळ्यांवरून ते स्पष्ट दिसे. परंतु ओठांवर येत ते दोन-तीनच शब्द: 'अहो', 'ते' आणि 'नाही'. पाणी हवे असले तरी 'ते', खिडकी लावावयाची असली तरी 'ते', आणि आम्ही सहावेळा चुकलो की 'नाही'. जन्मभर बोलक्या असलेल्या बाईची ही दशा पाहणे सोपे नव्हते.

तिच्या शुश्रूषेस एक बाई येत. घरातील सर्वजण त्यांना मावशी म्हणत. त्या मुळशीकडच्या, शाळेत दोन यत्ता गेलेल्या. व्यायाम शिकविण्यास येणाऱ्या तज्ज्ञाने सांगितले होते की, आजींचा लुळा हात धरून तो रोज हळूहळू गोल फिरवावा. एके सकाळी मावशी तसा हात फिरवीत होत्या आणि आम्ही शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासीत होतो. एकाएकी आईचा आवाज आला. आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट होते. आणि एक नव्हे, सबंध ओवी होती. आम्ही धावत गेलो. मावशींनी हात थांबविला आणि ओवी थांबली. त्यांनी हात पुन्हा फिरविला आणि ओवी पुन्हा सुरू झाली.

डॉक्टरांस विचारले, तेव्हा त्यांना फारसे नवल वाटले नाही. मेंदूच्या डाव्या भागास इजा होऊन ज्यांची वाचा जाते, अशा कित्येक रोग्यांस गाता येते, पाठ केलेली प्रार्थना म्हणता येते, असे त्यांनी सांगितले. पुढे आम्ही वाचून पाहिले. बोलणे बंद झालेला, पण पूर्वी शिकलेली धर्मगीते गाऊ शकणारा अशा एका माणसाची नोंद स्वीडनमध्ये इ. स. १७४५ इतकी जुनी आहे. आणि १९७३ साली अमेरिकेतील वैद्यांनी याच गोष्टीचा आधार घेऊन, सूर आणि ठेका यांच्या साहाय्याने गेलेली वाचा परत आणण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. मेंदूचे शास्त्र हा आमचा विषय नव्हे, आणि त्यातून काव्याचा सिद्धान्त काढण्याचे धाडसही आम्ही करणार नाही. एवढे मात्र डोळ्यांसमोर घडत होते की, ज्या बाईस 'पाणी' हा शब्द सापडत नव्हता, तिला ओवीतील शब्द सापडत होते. ते शब्द तिने निवडून आणलेले नव्हते. एका शब्दाचा हात धरून दुसरा आपसूक येत होता.

आणि एके दिवशी मध्येच एक हात सुटला.

ती सीतेची ओवी होती. वनवासात एकटी पडलेली सीता रडते आहे, येथवर आई आली आणि थबकली. मावशी हात फिरवीत राहिल्या. आई पुन्हा आरंभापासून निघाली आणि पुन्हा तेथेच अडली. मग तिने आमच्याकडे पाहिले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हा मुलगा वही घेऊन पुढ्यात बसला होता आणि आपण सांगितलेले सर्व त्याने उतरवून घेतले आहे, हे तिच्या स्मरणात होते, याविषयी आम्हांस संशय नाही.

आम्ही कपाटातून वही काढली. पान सापडले. तेथे आमच्या सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: 'वनातील वृक्ष सीतेचे सांत्वन करतात. करुणरस.' आम्ही म्हणालो, "आई, वृक्ष?" ती म्हणाली, "नाही." "झाडे? झाडं?" "नाही." आम्ही आंबा म्हणून पाहिले, वड म्हणून पाहिले, चंदनही म्हणून पाहिले. एम. ए.च्या वर्गास शब्दसंपत्तीचे महत्त्व समजावून देणारे आम्ही, आमच्याजवळचे सगळे शब्द एकामागून एक तिच्यापुढे ठेवीत होतो. आणि तिच्यापाशी जे तीन शब्द उरले होते, त्यांतील एक ती आमच्या प्रत्येक शब्दावर खर्च करीत होती. शेवटी तिने डोळे मिटून घेतले.

तेव्हा मावशी हलकेच म्हणाल्या, "बोरी-बाभळी असंल, आजी. आमच्याकडं तेच म्हंत्यात."

आईने डोळे उघडले. तो शब्द तिने तोंडात घेतला आणि त्याच्या आधाराने उरलेली ओवी शेवटापर्यंत म्हटली. मग तिने डाव्या हाताने मावशींच्या हातावर थोपटले. आमच्याकडे तिने पाहिले नाही. अथवा पाहिले असेल, पण त्या वेळी आमची मान खाली होती.

आता आमच्या वहीतील नोंद चुकीची होती काय? मुळीच नव्हती. बोर हा वृक्ष आहे, बाभूळ हाही वृक्ष आहे, आणि ते सीतेचे सांत्वन करतात हेही खरे. परीक्षेत त्या उत्तरास पुरे गुण मिळाले असते. तरीसुद्धा आईने ते नाकारले. का नाकारले, याचा विचार आम्ही त्या रात्री करू लागलो आणि अजून करीत आहो.

पहिली गोष्ट अगदी व्याकरणाची. 'वृक्ष' हा पुल्लिंगी शब्द. आंबा, वड हेही पुल्लिंगी. आणि 'झाड' नपुंसकलिंगी. 'बोरी' आणि 'बाभळी' या स्त्रीलिंगी. नवऱ्याने घराबाहेर घातलेल्या बाईची समजूत घालण्यास वृक्ष आले, तर पुरुष आले. झाडे आली, तर कोणीच आले नाही. बोरी-बाभळी आल्या, म्हणजे बाया आल्या. मराठी बोलणारे आपण सर्व दिवसाकाठी हजार वेळा लिंगभेद करतो, पण त्याकडे आपले लक्ष कधी जात नाही. जात्यावरच्या त्या अनामिक कवयित्रीने मात्र भाषेच्या कोपऱ्यात पडलेले हे लिंग उचलले आणि त्यातून सीतेला सोबत करून दिली.

दुसरी गोष्ट काट्यांची. आंबा अंगणात किंवा राखलेल्या आमराईत असतो. बोर आणि बाभूळ यांना कोणी मुद्दाम लावीत नाही आणि कोणी पाणी घालीत नाही. त्या बांधावर, ओढ्याच्या काठी, माळावर आपल्या आपण वाढतात आणि कुंपणाला काटे हवे झाले की लोक त्यांना तोडून नेतात. ज्या घराने सीतेला बाहेर काढले, त्या घराच्या अंगणातील झाडाने तिची समजूत काय घालावी? ती घालावी बाहेरच वाढलेल्यांनी. शिवाय रामायणातील वन या दोन शब्दांनी एकदम आपल्या देशावरच्या माळावर येऊन बसते. दळणारीस मग वाल्मीकीचे अरण्य कल्पावे लागत नाही. सकाळी पाण्यास जाताना तिचा पदर ज्या बोरीला अडकतो, तीच ही बोर.

तिसरी गोष्ट, पहाटेच्या अंधारात सासू जवळच निजलेली असे. 'मला या घरात दुःख आहे' हे सरळ सांगण्याची सोय नव्हती. सीतेचे नाव घेतले की, ऐकणाऱ्यास ते रामायण होते आणि म्हणणारीस ते आत्मचरित्र होते. आमच्या विद्यार्थ्याने विचारले होते, सरळ का नाही सांगितले? येथे त्याचे एक उत्तर आहे: काही गोष्टी सरळ सांगता येत नाहीत म्हणून, आणि सरळ सांगता आल्या असत्या, तरी एकीचे गाऱ्हाणे एकीपाशीच राहिले असते, गावोगावच्या बायकांना ते आपले म्हणून गाता आले नसते.

आणि चौथी गोष्ट, 'बोरी-बाभळी' या जोडशब्दातील दोन्ही शब्दांच्या आरंभी ओठ सारखेच मिटतात. हात जाते ओढून घेतो आणि पुन्हा पुढे लोटतो, तसे. बाराव्या शतकात, शके १०५१ मध्ये, चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद करून ठेवली आहे. पुढे शके १२१२ मध्ये गीतेवरील भाष्यासाठी ज्ञानेश्वरांनी जो छंद घेतला, त्याचेही नाव ओवीच. कष्ट करणाऱ्या हाताने या छंदाचे माप ठरविले आहे. त्या मापात 'वृक्ष' बसत नाही. बसविला, तर जाते अडखळते.

यावरून कवी भाषेचा उपयोग कसा करतो, यासंबंधी आमची समजूत आता अशी झाली आहे. व्यवहारात शब्द हा निरोप्या असतो. निरोप पोचला की, निरोप्याला कोणी थांबवून घेत नाही. त्याचा चेहरा कसा होता, हेही कोणाच्या लक्षात राहत नाही. कवितेत तोच निरोप्या पाहुणा होऊन घरात राहतो. त्याचा आवाज, त्याची चाल, त्याचे गाव, त्याचे गणगोत ही सर्व मोजली जातात. कवीचे शब्द आपल्याहून निराळे नसतात. बोरी-बाभळी कोणास ठाऊक नाहीत? निराळे असते ते हे की, कवी शब्दाचे काहीही वाया जाऊ देत नाही. व्यवहार शब्दातून अर्थ काढून घेऊन शब्द टाकून देतो. आम्हीही वही घेऊन आईपुढे बसलो, तेव्हा नेमके हेच केले होते.

येथे आम्हांस आणखी एका मुलाची आणि आईची आठवण येते. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता त्या आपल्या बोलीत ओव्या म्हणत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव, जे स्वतःही कवी होते, आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्या शब्दशः उतरवून घेतल्या. बहिणाबाईंच्या निधनानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' त्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. ती वही घरातल्यांनी आमच्यासारखी ठेवली असती, म्हणजे 'विषय : संसार. आशय : सुखदुःखाचे तत्त्वज्ञान' अशा नोंदी करून, तर महाराष्ट्रास एक तत्त्वज्ञान मिळाले असते आणि एक कवयित्री मिळाली नसती. तत्त्वज्ञानाला आपल्याकडे तोटा नाही. अलीकडच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्याही शब्दांसह. त्या संग्रहात सीताही भेटते आणि बोरी-बाभळीही भेटतात. मात्र आमच्या आईची ओवी जशी तिच्या आजोळच्या जात्यावर होती, तशी इतर कोठे सापडेल, अशी आशा आम्ही धरीत नाही.

यावर कोणी म्हणेल, तर मग कवितेचा अर्थ सांगूच नये की काय? भाषांतर करू नये की काय? असे आमचे म्हणणे नाही. तसे असते, तर आम्हांस प्रथम राजीनामा द्यावा लागला असता. अर्थ हा कवितेचा पत्ता होय. पत्त्यावाचून घर सापडत नाही. विशेषतः परक्या भाषेच्या गावात तर नाहीच नाही. मात्र पत्त्यात कोणास राहता येत नाही. आम्ही इतकी वर्षे मुलांच्या हातांत पत्ता देत आलो आणि तो पाठ झाला की घर पाहिल्याचे प्रमाणपत्रही देत आलो. अलीकडे आम्ही वर्गात निराळा प्रयोग करतो. ओळीतील एक शब्द झाकतो आणि त्याच्या जागी मुलांना दुसरा घालावयास सांगतो. सगळे शब्द घालून झाले, सगळे हिरमुसले, म्हणजे मूळ शब्द उघडतो. त्या क्षणी एखाद-दुसऱ्या चेहऱ्यावर जे दिसते, ते आम्ही प्रथम आईच्या चेहऱ्यावर पाहिले.

आई गेल्या श्रावणात गेली. त्या अखेरच्या दिवसांत मावशींच्या हाताने आणि मावशींच्या आठवणीने जेवढ्या ओव्या परत आल्या, तेवढ्या आम्ही त्याच वहीत, त्या त्या नोंदीसमोर, जशा कानांवर आल्या तशा लिहून घेतल्या; एकही रूप शुद्ध केले नाही. त्या ११ भरल्या. उरलेल्या ५२ ओव्यांचा अर्थ आमच्यापाशी आहे, आणि अर्थाखेरीज काही नाही.

ज्या मुलाने तो प्रश्न विचारला, तो आज कोठे आहे, हे आम्हांस ठाऊक नाही. हे लिखाण त्याच्या पाहण्यात आले, तर वीस वर्षे उशिरा दिलेले हे उत्तर त्याने पदरात घ्यावे आणि त्या दिवशीच्या हसण्याची क्षमा करावी. आणि वाचकांपैकी कोणाच्या घरी असे ओव्या, गाणी, उखाणे जपून ठेवलेले एखादे वृद्ध माणूस असेल, तर त्यांना एवढीच विनंती की, त्याच्यापाशी वही घेऊन बसावे आणि प्रथम शब्द लिहून घ्यावेत. अर्थ मागाहून विचारला तरी चालतो.